कुरवाला खायला घालायचं नाही

माझा भाऊ फेर्नां शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडतो. आमचे वडील ओमेर तेच करायचे, त्यांचे वडीलही तेच. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या ज्या टोकाला आम्ही राहतो तिथे वसंतात बर्फ फुटला की सगळं गाव समुद्राकडे तोंड करून उभं राहतं. मी मात्र हातात कात्री धरली. भावाच्या घराला लागूनच माझं घर आणि पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान. गावातली बातमी आधी माझ्या खुर्चीत बसते, मग चर्चला जाते.

एलोदी ही फेर्नांची एकुलती एक मुलगी. ती जन्मली त्या वर्षी त्याने नवी बोट घेतली आणि बोटीलाही तेच नाव दिलं. निळ्या अंगावर पांढरी अक्षरं, ‘एलोदी’. आमच्याकडे बोटींना लेकींची नावं देतातच. त्यात कुणाचं काय बिघडणार, असंच सगळ्यांना वाटतं.

एलोदी सात वर्षांची असताना, ऐन हंगामात, एका सकाळी वारा फिरला. बाकीच्या बोटी लाटा झेलत परतल्या, गिल्बेरची परतली नाही. गिल्बेर समोरच्याच घरातला. त्याची मुलगी जूली एलोदीच्या वर्गात, दोघी शेजारी शेजारी बसायच्या. शोध थांबवल्याचं कळलं तेव्हा एलोदी आईजवळ गेली. तिची आई, कोलेत, भांडी विसळत होती.

“आई, त्या दिवशी मी बाबांना दोनदा म्हटलं होतं, संध्याकाळी भेटू म्हणून. पहिल्यांदा माझ्या तोंडात पाव होता ना, म्हणून परत म्हटलं. जूलीने एकदाच म्हटलं असेल.”

कोलेतने ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं. लहान पोर आहे, मनात येईल ते बोलतंय, एवढंच तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं.

पण त्या दिवसापासून एलोदीने बापाला दारातून ‘संध्याकाळी भेटू’ ऐकल्याशिवाय कधी जाऊ दिलं नाही. त्याने तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, मग तिने म्हणायचं. मध्ये कुणी खोकलं, कुत्रं भुंकलं, की पुन्हा पहिल्यापासून. फेर्नां हसत हसत गाडीतून परत यायचा. माझ्या दुकानात बायका कौतुक करायच्या, “काय जीव आहे गं पोरीचा बापावर!” मीही मान डोलवायचे. दिसायलाच इतकं गोड होतं ते.

हळूहळू त्यातला गोडवा गेला. शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि विचारायची, “आत्या, बाबा येतील ना?” “येतील की.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी कुणाचे केस रंगवत असले आणि पटकन उत्तर दिलं नाही, तर तिचे ओठ पांढरे पडायचे. मग मी हातातलं काम टाकून म्हणायचे, “येतील गं राणी, नक्की येतील.” ती श्वास सोडायची. आणि तो श्वास पुरा सुटायच्या आत पुढचा प्रश्न तयार असायचा.

नऊ वर्षांची झाली तेव्हा शाळेतून निरोप आला, की मुलगी पेपर कोरे देते. मुळात अभ्यासात हुशार पोर. कोलेत जाऊन बघते तर प्रत्येक कागदाचा वरचा कोपरा फाटलेला. एलोदी नाव लिहायची आणि खोडायची, लिहायची आणि खोडायची, कागद फाटेपर्यंत. वेळ संपायचा, पण नाव काही मनासारखं उमटायचं नाही.

“का गं खोडतेस?” कोलेतने विचारलं.

“वाकडं आलं की बोट वाकडी होते.”

“कुठली बोट?”

“आपलीच. माझंच नाव आहे ना तिला.”

कोलेतने हे मला सांगितलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली. एवढीशी पोर, आणि बापाची अख्खी बोट ती रोज एका पेन्सिलीच्या टोकावर तोलून धरत होती.

आमच्या वडिलांना यात काही वावगं दिसेना. “समुद्रावर पोट असलेल्या घरात हे असायचंच,” ओमेर म्हणाले. “मी जन्मभर बोटीत उजवा पाय आधी टाकला. डावा टाकला असता तर आज तुझ्यासमोर बसलो नसतो. आणि बोटीवर त्या... त्या चिखलात लोळणाऱ्या जनावराचं नाव कुणी घेतलं, तर मी बोट मागे फिरवायचो.”

“डुकराचं?” कोलेत म्हणाली. ती आतल्या भागातली, बटाट्याच्या शेतावर वाढलेली.

“श्शऽऽ!” म्हातारा स्वयंपाकघरात बसलेला असूनही दचकला.

कोलेत म्हणाली, “मामंजी, तुम्ही उजवा पाय टाकता आणि कामाला लागता. तिचा दिवस त्या पायातच संपतो.”

मला तेव्हा पहिल्यांदा त्या दोन गोष्टींतला फरक कळला.

मग त्या वर्षीच्या हंगामातली एक सकाळ. मी पाव द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेले होते. फेर्नां रबरी बूट आणि मेणकापडी विजार घालून दारात उभा. समोर एलोदी, हुंदके देत. “परत म्हणा बाबा. आत्ता म्हणालात तेव्हा माझ्या मनात वाईट आलं. परत म्हणा.” तो म्हणाला. “नाही, परत.” तो पुन्हा म्हणाला. खाली धक्क्यावरून बोटींची इंजिनं ऐकू येत होती, एकेक करून सगळ्या निघाल्या. फेर्नांचा जोडीदार फोन करून करून थकला. शेवटी इंजिनांचे आवाज थांबले आणि फेर्नां टोपी काढून, बुटांसकट, जेवणाच्या टेबलापाशी बसला. समुद्र शांत, आकाश स्वच्छ, आणि गावातली एकच बोट किनाऱ्याला.

एलोदीचं रडणं थांबलं. तिने बापाकडे बघितलं आणि म्हणाली, “मला हे करायचं नाहीये बाबा. मला थांबताच येत नाही.”

फेर्नां सहसा बोलत नाही. आमच्या घरातले पुरुष हवामानाबद्दल बोलतात, बाकी गिळतात. पण त्याने तिला मांडीवर ओढलं, त्या ओल्या विजारीवरच, आणि म्हणाला, “मग आपण ज्याला हे कळतं त्याच्याकडे जाऊ. माझं इंजिन बंद पडलं तर मी त्याला ओरडत बसतो का?”

मॉन्क्टन शहरात मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या एक बाई होत्या, मिशेलिन नावाच्या. नंबर लागेपर्यंत पानं गळायला लागली. पहिल्या खेपेला मीही गेले, कारण एलोदीने मागच्या सीटवर माझा हात धरून ठेवला होता. मिशेलिनबाई साध्या होत्या, पायात लोकरीचे मोजे, टेबलावर रंगीत खडू. त्यांनी पोरीचं सगळं ऐकून घेतलं, एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही. मग आम्हाला म्हणाल्या, “काही मुलांना धोक्याचा वास जन्मापासूनच लवकर येतो. तशी ही. त्यात शेजारचा माणूस खरंच गेला. तिच्या मनाने हिशोब मांडला की आपण बरोबर बोललो म्हणून बाबा वाचले. पुढे तिच्या भीतीने जे जे मागितलं, ते ते तुम्ही सगळ्यांनी मायेपोटी दिलं. दर वेळी बाबा परत आले आणि दर वेळी मनाला वाटलं, बघा, माझं खरं निघालं.”

मग त्यांनी एलोदीला विचारलं, “या त्रास देणाऱ्याला आपण काय नाव ठेवायचं?”

एलोदीने जराही विचार केला नाही. “कुरव.”

आमच्या धक्क्यावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा सुळसुळाट असतो. हावरट, कर्कश, माणसाच्या हातातला पाव पळवणारे.

“कुरव का?”

“तो ओरडायला लागला की माशाचं मुंडकं टाकायचं. मग गप्प बसतो. पण लगेच परत येतो, आणि आणखी चार घेऊन येतो.”

मिशेलिनबाई खुर्चीत मागे टेकल्या. “हे मला कळायला विद्यापीठात जावं लागलं,” त्या म्हणाल्या. फेर्नांने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण मला त्याचे कान दिसत होते. अभिमानाने लाल झाले होते.

मग पूर्ण हिवाळा घरात एकच काम चाललं, कुरवाला उपाशी ठेवायचं. सुरुवात छोटी. फेर्नांने गॅरेजपर्यंत जाताना काहीच म्हणायचं नाही. मग गावातल्या दुकानापर्यंत. मग मुद्दाम चुकीचं म्हणायचं, ‘संध्याकाळी भेटू’ऐवजी ‘संध्याकाळी बटाटे’. एलोदीने नाव वाकडं लिहायचं आणि तसंच ठेवायचं. पुढे पुढे तर उलटं लिहायचं. ऐकायला खेळ वाटतो. पण त्या पोरीच्या कपाळावर घाम यायचा, पोटात कळ यायची, आणि तरी ती पेन्सिल खाली ठेवायची. खोडरबर तिने स्वतःच आईकडे देऊन टाकला होता.

माझ्या वाटणीलाही एक काम आलं होतं. आणि ते सोपं नव्हतं.

फेब्रुवारीत खाडी गोठली की फेर्नां बर्फावर टपरी उभी करून भोकातून छोटे मासे धरायला जातो. त्या दिवशी तो काहीही न बोलता गेला होता. एलोदी माझ्याकडे आली. केस कापायला बसलेली म्हातारी बर्नादेत तेवढी दुकानात.

“आत्या, बाबा येतील ना?”

मिशेलिनबाईंनी शिकवलं होतं तसं मी म्हणाले, “माहीत नाही.”

“आत्या!”

“मला खरंच माहीत नाही गं. कुणालाच माहीत नसतं.”

ती उभी राहिली. “तू वाईट आहेस! तू सगळ्यात वाईट आत्या आहेस! नुसतं ‘हो’ म्हण! एकदाच म्हण!” केस कुरळे करायच्या रिळांचा डबा तिने भिंतीवर फेकला. रिळं खोलीभर झाली.

बर्नादेत खुर्चीतून ओरडली, “अगं रोलांद, म्हण की हो! लेकरू कासावीस झालंय, आणि तू दगडासारखी उभी!”

“बर्नादेत, तू मान हलवू नकोस, कान कापला जाईल,” मी म्हणाले. मायेच्या माणसाला नुसतं बघत राहणं किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं.

एलोदी जमिनीवर बसली. आधी जोरात रडली, मग हळू, मग नुसती श्वास घेत राहिली. मी बर्नादेतचे केस धुतले, वाळवले. मग खालून आवाज आला, “आत्या.”

“काय गं?”

“उतरलं. मी काहीच केलं नाही, तरी आपोआप उतरलं.” चेहरा भिजलेला, पण डोळे असे चमकत होते जणू तिने पहिल्यांदा सायकल चालवली होती. मग तिने एकेक रीळ उचलून डब्यात भरलं. बर्नादेतने तिला पर्समधली मळलेली गोळी दिली आणि मला म्हणाली, “मला नाही कळलं तुमचं काय चाललंय. पण पोर खंबीर आहे.”

वसंत आला, बर्फ फुटला. हंगामाचा पहिला दिवस ठरला. त्या दिवशी सापळे टाकायला सगळ्या बोटी एकदम निघतात. उजाडताना गाव धक्क्यावर लोटतं, फादर बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात, बायका हात हलवतात. आदल्या आठवड्यात एलोदी बापाला म्हणाली होती, “मी काही म्हणणार नाही, काही शिवणार नाही. पण बाबा, तुमचा पण एक कुरव आहे.”

“माझा? कुठला?”

“उजवा पाय.”

फेर्नां हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

“अगं, ती आपली रीत आहे.”

“मग डावा टाकायला काय होतं?”

फेर्नां आपल्या पायांकडे बघत राहिला.

त्या सकाळी थंडी मरणाची. सापळ्यांच्या चळती डोक्याच्या वर गेलेल्या, बोटी पाण्यात खोल बसलेल्या. फेर्नां धक्क्याच्या कडेला आला. एलोदी आईजवळ उभी, दोन्ही हात खिशात. त्याने तिच्याकडे बघितलं, काही बोलला नाही. मग वादळात कधी न डगमगलेल्या माझ्या भावाने डावा पाय उचलला. पाय हवेतच राहिला. माझ्या शेजारी ओमेर पुटपुटले, “हा काय करतोय? अरे, हा काय करतोय?”

“टाका बाबा!” एलोदी ओरडली. “पोटात कसंतरी होईल, मग उतरेल!”

त्याने टाकला. डावा पाय बोटीत पडला आणि आजूबाजूच्या बोटींवरची माणसं थबकली. कुणीतरी क्रॉसची खूण केली. फेर्नांचा चेहरा पांढराफटक होता, पण त्यावर हसू होतं.

आणि मग एलोदीने खिशातले हात बाहेर काढले, तोंडाभोवती धरले, आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, “डुक्कर!”

फादरांचा हात पाण्याच्या भांड्यातच राहिला.

“डुक्कर! डुक्कर! मोठं गुलाबी डुक्कर!”

पहिल्यांदा कोलेत हसली. मग मी. मग शेजारच्या बोटीवरचा एक तरुण पोट धरून हसायला लागला. म्हातारे मात्र भडकले. “हिला आवरा! आमची माणसं जातायत समुद्रावर!” असं कुणी म्हणालं. मी ओमेरकडे बघितलं. मला वाटलं, आता पोरीवर हात उगारतात. ते पुढे गेले, तिच्या मागे उभे राहिले आणि त्या ओरडणाऱ्याला म्हणाले, “तुझी बोट एका शब्दाने बुडत असेल तर ती आधी दुरुस्त कर. ही माझी नात आहे.”

बोटी निघाल्या.

दुपारपासून त्या परतायला लागल्या. सापळे टाकून रिकाम्या, हलक्या झालेल्या. निळी बोट काही येईना. रेडिओवर फेर्नांचा आवाज एकदा खरखरला, मग बंद. धक्क्यावर कुजबुज सुरू झाली. मागे कुणी बाई स्पष्टच म्हणाली, “घेतलं ना नाव. आता बघा.”

एलोदीने ते ऐकलं. मी तिच्याजवळ होते. बोटी बांधायच्या एका लोखंडी खुंटाला ती आधी बाबा सुखरूप यावेत म्हणून येता-जाता हात लावायची, तो अगदी हाताशी होता. तिने त्याच्याकडे बघितलं. काही बोलायचं नाही, हेच माझं काम.

ती त्या बाईकडे वळली. “बाबा येतील की नाही ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. शब्द न् शब्द नीट. “पण माझ्या बोलण्याने बोटी बुडत नाहीत. आणि तरंगतही नाहीत.”

गर्दीत मागे जूली होती, गिल्बेरची मुलगी. आईचा हात सोडून ती पुढे आली आणि एलोदीच्या शेजारी उभी राहिली. दोघी समुद्राकडे बघत राहिल्या.

सूर्य कलला तेव्हा दुसऱ्या एका बोटीने ओढत आणलेली निळी बोट दिसली. बोटीच्या खालच्या पंख्यात दोर अडकला होता. फेर्नां वैतागलेला, ओला, धडधाकट. एलोदी धावत गेली नाही. तो धक्क्यावर चढेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “उशीर केलात. फ्रिकोचं कालवण गार झालं असेल.” मग त्याच्या छातीत तोंड खुपसून रडली, आणि तोही रडला. पाच हंगामांची शेवंडं एकाच दिवशी मिळाली असती तरी माझा भाऊ एवढा ताठ चालला नसता, जेवढा तो त्या संध्याकाळी लेकीला घेऊन गावातून चालला.

आजार संपला असं मी म्हणणार नाही. तेरा वर्षांची असताना एकदा ती शाळेतून तडक माझ्या दुकानात आली. ओमेर खुर्चीत, मानेभोवती कापड, अर्धे केस कापलेले. दोन बायका थांबलेल्या. एलोदीने दप्तर टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “आत्या, कुरव परत आलाय. या वेळी आईच्या गाडीबद्दल बोलतोय. मी मिशेलिनबाईंना फोन करायला सांगतेय आईला. तुला विचारायला आले तर उत्तर देऊ नकोस हं.” जसं कुणी दात दुखतोय म्हणून सांगावं, तसं. आणि गेली.

थांबलेल्या बायकांनी मासिकात तोंड घातलं. ओमेर आरशात बघत होते. मी कात्री चालवली, त्यांनी हात वर करून थांबवलं.

“माझी आई,” ते म्हणाले. “माझी आई माझ्या लग्नाला चर्चमध्ये आली नव्हती. ठाऊक आहे तुला?”

“आजारी होती म्हणालात.”

“चुलीपाशी उभी होती. विझली का बघायची, परत बघायची, परत. दारापर्यंत यायची आणि माघारी जायची. मी वरात घेऊन घरावरून गेलो तेव्हा खिडकीत होती. नवी टोपी घालून.” त्यांनी नाक पुसलं. “लोक म्हणायचे, बाई चक्रम आहे. आम्ही तिला लपवायचो. तिने कधी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? असं काही असतं, याला नाव असतं, हेच माहीत नव्हतं.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आणि ही,” ते म्हणाले, “दप्तर टाकते आणि भर दुकानात सांगते.” त्यांनी मान ताठ केली, तशी ते फक्त चर्चमध्ये करायचे. “रोलांद, आपल्या घरात समुद्रावर मेलेली माणसं झाली. शूर म्हणून त्यांची नावं दगडावर कोरली आहेत. पण हिच्याइतकं धाडस आपल्यात कुणी केलेलं मला आठवत नाही.”

“मग हे तिला सांगा ना बाबा. मी सांगू का?”

“तू नको.” त्यांनी स्वतःच मानेभोवतीचं कापड सोडलं. “मीच सांगतो. आईचं पण सांगतो.”

“अहो, अर्धे केस राहिलेत!”

“राहू दे,” ओमेर म्हणाले, टोपी घातली, आणि शेजारच्या घराकडे चालायला लागले.